आखलेल्या गावाची वेस

आपल्याकडील बहुतेक गावे आधी वसली आणि मग त्यांचे नकाशे निघाले. जयसिंगपूरची कथा नेमकी उलट आहे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांनी १९१७ साली, आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांचे नाव देऊन, ही पेठ वसविली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ पासून चालू होता. त्याच्या आश्रयाने येथे व्यापार रुजला. रस्ते सरळ व एकमेकांस काटकोनात छेदणारे; गल्ल्यांची ओळख क्रमांकाने. आधी रस्ता, मग घर, हा क्रम पाळला गेल्यामुळे पुढे रस्त्यासाठी कोणाची भिंत पाडावी लागावी, असा प्रसंगच मुळात उरला नाही.

तथापि आखणीलाही वेस असते, आणि वस्ती वेशीपाशी थांबत नाही. वेशीबाहेर काय होते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही वाढत्या शहराच्या कडेला दिसते. शेताचे गुंठे पडतात, आणि ज्याला जसा तुकडा मिळेल तसे तो घर बांधतो. रस्ता उरेल तेवढाच. शेतजमिनीच्या तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीच झाला होता. तरीही २००१ साली सरकारला गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, आणि त्याची १ जानेवारी २००१ ही मुदत २०२१ साली ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे न्यावी लागली. मनाई दोन वेळा मागे हटली!

यात नवल नाही. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीने १५८० साली लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवे घर बांधण्यास मनाई केली. लंडन वाढतच राहिले. पुढे १९३८ च्या कायद्याने शहराभोवतीच्या जमिनी विकत घेऊन मोकळ्या राखण्याची सोय झाली, तेव्हा कोठे हिरव्या पट्ट्याला अर्थ आला. माणसाला निवारा हवा असतो. त्याची जागा न दाखविता केलेली मनाई कागदावरच राहते.

ती जागा दाखविण्याचे साधन आपल्यापाशी जुनेच आहे. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात, आणि नंतर महाराष्ट्राच्या १९६६ च्या कायद्यात, नगररचना योजनेची तरतूद आहे. अनेकांच्या जमिनी एकत्र करावयाच्या, रस्ते व सार्वजनिक जागा काढून घ्यावयाच्या, आणि उरलेली जमीन नीट आखून मूळ मालकांना परत द्यावयाची. शेतकरी नागवला जात नाही, गावही गुदमरत नाही.

शिरोळ तालुक्यात हा प्रश्न केवळ टापटिपीचा नव्हे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची ही काळी, उसाची जमीन. २००५ व २०१९ च्या महापुरांनी सखल भाग कोणता, हे कोणत्याही नकाशापेक्षा स्पष्ट दाखविले आहे. तेथे घर पडले की पीकही गेले आणि निवाराही. शाहू महाराजांनी दिलेला धडा आमच्या मते एवढाच: विटेच्या आधी रेघ पोहोचली पाहिजे. विटेमागून धावणारी रेघ फक्त दंडाची पावती लिहिते.