फुटबॉलमध्ये जिंकण्यासाठी काय महत्त्वाचे : बचाव की आक्रमण?

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतल्या कोणत्याही टर्फवर संघ पाडताना बहुतेकांना पुढे खेळायचे असते. मागे उभे राहण्याची वेळ मग सर्वात कच्च्या खेळाडूवर येते. गोल करणारा जिंकून देतो, ही समजूत त्यामागे आहे. ती कितपत खरी आहे?

थोडक्यात उत्तर

स्पर्धा कोणत्या प्रकारची आहे, यावर ते अवलंबून आहे. अनेक सामन्यांच्या साखळी स्पर्धेत चांगल्या आक्रमणाला जास्त मोल मिळते. एका पराभवाने बाहेर पडावे लागते, अशा बाद फेरीत बचावाचे पारडे जड होते.

गुणांचे गणित काय सांगते?

आज विजयाला 3 गुण, बरोबरीला 1 आणि पराभवाला शून्य गुण मिळतात. पूर्वी विजयाला 2 गुण असत. इंग्लंडच्या लीगने 1981 मध्ये 3 गुणांची पद्धत सुरू केली आणि 1994 च्या विश्वचषकापासून ती जगभर रूढ झाली.

या बदलाचा परिणाम सोप्या उदाहरणातून पाहू. एका संघाने तीनही सामने 0-0 असे सोडवले. दुसरा संघ एक सामना जिंकला आणि दोन हरला. जुन्या पद्धतीत पहिल्याचे 3 आणि दुसऱ्याचे 2 गुण झाले असते. आता दोघांचेही 3 होतात. म्हणजे धोका पत्करून जिंकायला जाणाऱ्या संघाचा तोटा कमी झाला.

बचावाची बाजूही भक्कम आहे. तुम्ही एकही गोल खाल्ला नाही, तर किमान 1 गुण नक्की मिळतो. तुम्ही एक गोल केला, तर कशाचीच खात्री नसते. म्हणून संघाने आधी गोल खाणे थांबवावे आणि मग गोल करण्याचा विचार करावा, असे अनेक प्रशिक्षक मानतात.

साखळी आणि बाद फेरी : इंडियन सुपर लीगचे उदाहरण

इंडियन सुपर लीगमध्ये 2024-25 च्या हंगामापर्यंत साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला शील्ड आणि त्यानंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला चषक मिळत असे. त्यामुळे एकाच हंगामात दोन्ही प्रकारांची तुलना करता येते.

2022-23 च्या हंगामात मुंबई सिटीने साखळीच्या 20 सामन्यांत 54 गोल केले, 21 खाल्ले आणि 46 गुणांसह शील्ड जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरच्या हैदराबादने फक्त 16 गोल खाल्ले होते, म्हणजे त्यांचा बचाव मुंबईपेक्षा सरस होता. पण त्यांचे गोल 36 आणि गुण 42 होते. साखळीत आक्रमण जिंकले.

बाद फेरीत मात्र मुंबईला बंगळुरूने उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर हरवले. चषक मिळाला एटीके मोहन बागानला. या संघाने साखळीत 20 सामन्यांत अवघे 24 गोल केले होते, पण खाल्ले होते 17. बाद फेरीत त्यांनी ओडिशाला 2-0 ने हरवले. हैदराबादविरुद्धचे दोन्ही सामने 0-0 सुटले. ती उपांत्य लढत आणि नंतरची अंतिम लढत, दोन्ही त्यांनी शूटआउटवर जिंकल्या.

पुढच्याच हंगामात भूमिका बदलल्या, निष्कर्ष मात्र तोच राहिला. 2023-24 मध्ये 47 गोल करणाऱ्या आणि 26 खाणाऱ्या मोहन बागानने 48 गुणांसह शील्ड मिळवली. 42 गोल करून फक्त 19 खाणारी मुंबई एका गुणाने मागे राहिली. अंतिम सामन्यात मात्र मुंबईने त्यांनाच 3-1 ने हरवून चषक नेला. 2024-25 मध्ये मोहन बागानने 24 सामन्यांत 47 गोल केले, फक्त 16 खाल्ले आणि शील्ड व चषक दोन्ही जिंकले.

नेरुळच्या मैदानावरचे तीन अंतिम सामने

ठाणे जिल्ह्यातले मोठे फुटबॉल सामने झाले ते नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिथल्या तीन अंतिम सामन्यांतून या प्रश्नाच्या तीन बाजू दिसतात.

- 20 डिसेंबर 2014, पहिल्या इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना : केरळ ब्लास्टर्सने साखळीच्या 14 सामन्यांत फक्त 9 गोल केले होते. चेन्नईयनच्या एलानो या एकट्या खेळाडूचे 8 गोल होते. तरीही चिवट बचावावर केरळ अंतिम फेरीत पोहोचले. तिथे भरपाई वेळेत कोलकात्याच्या मोहम्मद रफीकने गोल केला आणि केरळ 0-1 ने हरले. बचावाने अंतिम फेरी गाठता आली, पण चषकासाठी लागणारा गोल झाला नाही.
- 6 फेब्रुवारी 2022, महिला आशियाई चषक : मध्यंतराला दक्षिण कोरिया 2-0 ने पुढे होता. चीनने शेवटच्या पंचवीसेक मिनिटांत तीन गोल करून सामना 3-2 ने जिंकला. आघाडी घेणे आणि ती टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत.
- 30 ऑक्टोबर 2022, 17 वर्षांखालील महिला विश्वचषक : स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवले. एकमेव गोल कोलंबियाचा स्वयंगोल होता. बाद फेरीत एक चूक किती महाग पडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

बचाव फक्त बचावपटूंचा असतो का?

नाही. चेंडू गमावताच आघाडीपटूंनी समोरच्याला घेरले, तर गोलपासून दूरच धोका टळतो. उलट, आक्रमणाची सुरुवात बऱ्याचदा गोलरक्षकापासून होते. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, हा नियम 1992 मध्ये आला. तेव्हापासून गोलरक्षक आणि बचावपटू यांना चेंडू नीट खेळवता येणे गरजेचे झाले.

स्थानिक संघाने काय करावे?

टर्फवरच्या एकदिवसीय स्पर्धांत सामने छोटे असतात आणि बहुतेक वेळा थेट बाद फेरी असते. गोल जवळ असल्याने मागे गमावलेला चेंडू लगेच गोल ठरू शकतो. अशा स्पर्धेत चेंडूवर चांगला ताबा असलेला, शांत डोक्याचा खेळाडू मागे ठेवा आणि शूटआउटचा सराव करूनच उतरा. अनेक आठवडे चालणारी साखळी असेल, तर बरोबरीवर समाधान मानू नका; एका विजयाचे गुण तीन बरोबरींइतके आहेत. मुलांना शिकवत असाल, तर प्रत्येकाला आलटून पालटून मागे आणि पुढे खेळवा. कच्च्या मुलाला कायम मागेच उभे केले, तर तो शिकत नाही आणि संघही तिथेच गोल खातो.