विंचू चढतो म्हणजे काय?



सुरतेच्या नवागाम भागात खानदेशातून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांचीच मुले माझ्या वर्गात बसतात. एके दिवशी स्नायूंचा धडा चालला असता एका मुलाने विचारले, “सर, विंचू चढतो तो कोठे चढतो? आजी म्हणते, गावाकडे मांत्रिक तो उतरवीत असे.” वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्याजोगा वाटला नाही. त्याचे उत्तर हाती यावयास शास्त्राला शंभर वर्षे लागली आहेत, आणि त्यातील एक मोलाचा भाग आपल्या कोकणात लिहिला गेला आहे.

प्रारंभ एका लहानशा चुकीपासून करावा लागतो. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवीत. ते पाणी ऊर्ध्वपातित आहे अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः ते नळाचे निघाले. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमच हृदयाच्या स्नायूला चालवीत होते, हे त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. स्नायूचे आकुंचन क्षारांच्या विद्युत्भारित कणांवर, म्हणजे आयनांवर, अवलंबून असते हे तेव्हा कळले. पण हे कण पेशीच्या आवरणातून आत-बाहेर कसे जातात ते कळले नाही. १९५२ साली हॉजकिन आणि हक्स्ले यांनी माखली जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून सोडियम व पोटॅशियम यांच्या ये-जा करण्याचे गणित मांडले. पुढे १९७६ साली नेहर आणि साकमान या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी पुन्हा बेडकाच्याच स्नायूवर काचेची बारीक नळी टेकवून एकेका द्वारातून वाहणारा प्रवाह मोजून दाखविला. पेशीच्या आवरणात उघडझाप करणारी दारे आहेत, हे आता अनुमान राहिले नाही. (बेडकाचे मानवजातीवर किती उपकार आहेत, यावर एक स्वतंत्र भाषण होईल.)

विंचवाचा संबंध येथेच येतो. कोकणातला लाल विंचू बोटाएवढाही नसतो. मोठी काळी इंगळी पाहून माणसे घाबरतात. पण जीव घेतो तो हा लहानगा. त्याचे विष मज्जातंतूंवरील सोडियमच्या दारांना धरते आणि ती वेळेवर मिटू देत नाही. दार उघडेच राहिले म्हणजे तंतू संदेशामागून संदेश धाडीत राहतो. शरीरात अ‍ॅड्रेनलिनचा आणि तत्सम द्रव्यांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्यांभोवतालचे अनैच्छिक स्नायू आवळले जातात, हातपाय थंडगार पडतात, अंगाला घाम सुटतो, रक्तदाब चढतो. त्या दाबाविरुद्ध झुंजून हृदय थकले की फुप्फुसात पाणी भरते. रोगी जणू कोरड्या जमिनीवर बुडतो. आजीबाईंचा ‘चढतो’ हा शब्द, मला वाटते, तितका अडाणी नाही.

फुप्फुसात असे पाणी भरते, याची नोंद डॉ. मुंडले यांनी १९६१ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केली होती. नोंद झाली, पण उपाय गवसला नाही. १९७६ साली जालना जिल्ह्यातील देहेड गावचे एक तरुण डॉक्टर, हिम्मतराव बावस्कर, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात रुजू झाले. शेतकऱ्याचा मुलगा, हाताशी प्रयोगशाळा नाही, साधने तुटपुंजी. त्यांनी केले ते एवढेच, की विंचू चावलेल्या रोग्याच्या उशाशी बसून तासातासाची टिपणे ठेवली: नाडी, रक्तदाब, घाम, हाताचा थंडपणा. ती लक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ने छापली. वाहिन्या आवळल्याने सारा अनर्थ होत असेल, तर त्या सैल करणारे औषध का देऊ नये? रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी दिली. त्यांचा आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा तत्संबंधीचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात आला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या जवळ आले.

मला या कथेत विशेष वाटतो तो क्रम. प्रयोगशाळा दाराचा अभ्यास करीत होती, बिरवाडीचा डॉक्टर रोग्याचा. एकाने दुसऱ्याची वाट पाहिली नाही. १९९० साली तर अमेरिकेतील संशोधकांनी आपल्याच लाल विंचवाच्या विषातून सदतीस अमिनो आम्लांचे एक द्रव्य वेगळे काढले. अनैच्छिक स्नायूंत पोटॅशियमचे एक मोठे दार असते. हे द्रव्य नेमके तेच बंद करते, म्हणून त्या दाराच्या अभ्यासात ते किल्लीसारखे वापरले जाते. त्याला नाव मिळाले आयबेरियोटॉक्सिन. कोकणचा विंचू आणि नाव स्पेनचे! असो.

प्राझोसिन विष मारीत नाही, विषाने उठविलेले वादळ शमविते. विष मारावयास प्रतिविष लागते. बावस्कर दांपत्याने सत्तर रोग्यांवर तुलना करून २०११ साली दाखविले की नुसत्या गोळीने दहा तासांत पस्तिसांपैकी आठ पूर्ण बरे झाले, गोळी आणि प्रतिविष मिळून पस्तिसांपैकी बत्तीस. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

मग मांत्रिकाचे काय? बहुतेक दंशांत वेदनेपलीकडे फारसे घडत नाही आणि काही तासांनी ती आपोआप ओसरते. त्या ओसरण्याचे श्रेय मंत्राला मिळते. हे मी मुलांना सांगितले. तो मुलगा दुसऱ्या दिवशी आजीला विचारून आला. ज्यांचा विंचू मांत्रिकाला उतरविता आला नाही, अशी गावातली तीन माणसे तिला आठवत होती. त्यांतली एक तिची धाकटी बहीण.