उतारशाळेची उधारी

शोमरोनी माणसाची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात येते. वाटमाऱ्यांनी अर्धमेला करून टाकलेला प्रवासी, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला परका. ऐकणारा तिथेच गहिवरतो आणि पुढचा तपशील निसटतो. त्या परक्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी तिथल्या माणसाला दोन नाणी दिली, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन, असे सांगितले. ख्रिस्ती करुणेचा अभ्यास या उधारीपासून सुरू करावा.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हा विषय परका नाही. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात जात विचारत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरताना, भूकंपात किल्लारी भागातली दगडमातीची माळवदी घरे कोसळली, तेव्हा नाना धर्मांची माणसे धावली. त्यांत ख्रिस्तीही होते. दया कुणा एका धर्माच्या मालकीची नाहीच. मात्र मत्तयाच्या २५ व्या अध्यायात भुकेला, उघडा, तुरुंगातला माणूस म्हणजे खुद्द प्रभू. देणाऱ्याला वरची पायरी उरतच नाही. निदान उरू नये! मिशनांचा इतिहास वाचताना ही पायरी वारंवार दिसते, आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दुष्काळात उपासमारीने गेले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यामागे ही भूक होती. पण त्याआधी त्यांच्याच शारदासदनात धर्मांतराचा वाद पेटून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते, हेही सोबतच वाचायला हवे. अन्न देणाऱ्या हाताविषयीचा संशय तेव्हापासूनचा आहे आणि तो सगळाच खोटा म्हणता येत नाही.

मला सर्वांत जास्त शिकवून गेले ते जामखेड, मराठवाड्याच्या वेशीवरचे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तिथे आले. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायच्या होत्या. त्यांनी जागा दलित वस्तीत धरल्या. पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिकडे यावे लागले. पुढे, अनेकदा निरक्षर असलेल्या गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. नाडी पाहू लागल्या, बाळंतपणे करू लागल्या. कालची घेणारी आज देणारी झाली. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या दांपत्याला मिळाला. पण वाचकाने लक्ष ठेवावे ते विहिरीच्या जागेवर.

नव्या अभ्यासकाने आरोळ्यांचे जामखेडवरचे १९९४ चे पुस्तक जरूर वाचावे. मग किल्लारीच्या पुनर्वसित गावांत जावे, वयस्कर बायांजवळ बसावे आणि आधी एवढेच विचारावे: "मावशी, घर कुठं बांधायचं, हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"