लोखंड गाळलं, तर बाण गेले

मेटल डिटेक्टरमध्ये 'डिस्क्रिमिनेशन' नावाची सेटिंग असते. ती वाढवली की खिळे, तारा असा लोखंडी कचरा गप्प बसतो आणि तांबं-पितळ तेवढं वाजतं. मी कोड लिहितो, मला फिल्टर आवडतात. पण अमेरिकेतल्या मोंटानामधलं लिटल बिगहॉर्न बघा. जून 1876 मध्ये तिथे लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. 1983 च्या वणव्यात गवत जळालं आणि 1984 मध्ये डिटेक्टर घेऊन शोध सुरू झाला. काडतुसांच्या पुंगळ्या तांब्या-पितळेच्या, त्या फिल्टर लावूनही वाजल्या असत्या. पण योद्ध्यांच्या बाणांची टोकं लोखंडी! कचरा म्हणून लोखंड गाळलं, तर त्यांच्या बाजूचा हा पुरावा गेला. म्हणून रणांगणावर सेटिंग शून्यावरच बरी. खिळे काय, नंतर हातानं निवडता येतात.