विष शोधण्यासाठी विष

पाण्यातले शिसे शोधण्याची जुनी पद्धत दिसायला खरोखरच हिरवी होती. डायथायझोन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवले की गर्द हिरवे द्रावण तयार होते. शिसे असलेल्या पाण्याबरोबर ते काचेच्या नरसाळ्यात घुसळले की खालचा थर लालसर होतो. १९२५ मध्ये हेल्मुट फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे अभिकर्मक धातूंच्या परीक्षणात आणले आणि पुढची कित्येक दशके ते जगभर वापरात राहिले. जस्त, तांबे यांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्याच नरसाळ्यात पोटॅशियम सायनाइडही घालत. शिशाचे चार कण मोजायचे आणि मागे सायनाइड नि क्लोरोफॉर्म उरवायचे, असा हा व्यवहार!

१९५५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी अणुशोषणाची पद्धत मांडली, तरी निष्कर्षणाची गरज संपली नाही. आपल्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.००३ मिलिग्रॅम आहे. ज्वालेवर चालणाऱ्या साध्या यंत्राला इतके थोडे शिसे नीट दिसत नाही. आधी ते गोळा करावे लागते.

खरे वळण १९७८ चे. जपानमधील वातानाबे आणि तानाका यांनी जस्त वेगळे काढण्यासाठी सेंद्रिय द्रावकाऐवजी साबणाच्या जातीचा अनायनिक पदार्थ वापरला. असे द्रावण तापवले की एका ठरावीक तापमानाला ते गढूळ होते. मग साबणाचा छोटासा दाट थर वेगळा होतो आणि पाण्यातला धातू अभिकर्मकासह त्यात उतरतो. ‘हरित रसायनशास्त्रा’ची बारा तत्त्वे अनास्टस आणि वॉर्नर यांनी मांडली ती १९९८ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. नाव मागाहून आले, काम आधी झाले होते.

२००६ मध्ये इराणमधील रेझाई, असादी आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट काढली. अवघ्या ५ मिलिलिटर पाण्यात ८ मायक्रोलिटर द्रावक ॲसिटोनच्या मदतीने धुक्यासारखा पसरवायचा आणि फिरवून तळाशी बसवायचा. पहिला प्रयोग धातूंवर नव्हता, पण लवकरच कॅडमियमही असे काढले गेले. द्रावक जुन्याच क्लोरीनयुक्त घराण्यातला, म्हणून माझ्या मते याला हरित म्हणण्यापेक्षा काटकसरी म्हणणे प्रामाणिक ठरेल.

पाण्यापुरते हे ठीक. भाजीचे काय? सांडपाण्यावर वाढलेला पालक तपासायचा तर आधी पाने संहत नायट्रिक आम्लात जिरवावी लागतात आणि त्यातून तपकिरी धूर निघतो. हरित म्हणवणारे अनेक शोधनिबंध आपला हिशेब यानंतर सुरू करतात, हे मला खटकते. १९७५ पासून मायक्रोवेव्ह या कामी आला. बंद भांड्यात आम्ल कमी लागते, पण लागतेच. सौम्य आम्ल आणि ध्वनिलहरींनी धातू सोडवण्याची युक्ती त्याहून सौम्य आहे, मात्र एका पाल्याला ती लागू पडते आणि दुसऱ्यात अर्धा धातू आतच राहतो. म्हणून अशी पद्धत आधी धातूंचे प्रमाण ठाऊक असलेल्या भुकटीवर पडताळतात. अमेरिकेची मानक संस्था त्यासाठी चक्क पालकाच्या पानांची भुकटी बाटलीत भरून विकते.