पेटीतून गावोगाव गेलेली पुस्तके

यंदा आषाढात मंडळाच्या कार्यकारिणीची सभा भरली, तेव्हा उत्सवाच्या हिशेबानंतर एक विषय निघाला. सभागृहामागच्या खोलीत आपल्या वाचनालयाची सात कपाटे आहेत. त्यांतली चार हलवली तर खुर्च्या आणि आरासीचे सामान ठेवायला जागा होईल, अशी सूचना एका तरुण कार्यकर्त्याने मांडली. मुलगा कामाचा आहे. मांडवाचे निम्मे काम तोच अंगावर घेतो. तो म्हणाला, "काका, सगळं तर मोबाइलवर मिळतं. ही पुस्तकं आता उघडतं कोण?" वाचनालयाचे काम पाहणारे आम्ही चौघे एकमेकांकडे पाहत राहिलो. निर्णय दिवाळीनंतरच्या सभेवर गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही देवघेवीची वही काढली. गेल्या वर्षभरात एकंदर ६१ पुस्तके बाहेर गेली होती, आणि तीही बहुतेक त्याच पाच-सहा ज्येष्ठ वाचकांकडे. म्हणजे मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय आमच्यातले दोघे स्वतःच रात्री मोबाइलवर वाचतात, आणि एक जण सकाळी कमाटी बागेत फिरताना कानाला यंत्र लावून कादंबरी ऐकतो. तेव्हा यंत्राला नावे ठेवून उत्तर देता येणार नव्हते. म्हटले, आपल्याच शहराने हा प्रश्न पूर्वी कसा सोडवला ते आधी पाहू. बडोद्यात राहणाऱ्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही.

सयाजीराव महाराज १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण झालेले नव्हते. अक्षरे त्यांनी राजवाड्यात आल्यावर गिरवली. कदाचित म्हणूनच अक्षराची किंमत त्यांना जन्मजात राजपुत्रापेक्षा जास्त कळली असावी. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू केला. पण त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. चार इयत्ता शिकून मुलगा शेतावर गेला की काही वर्षांत शिकलेले विसरून जाई, कारण घरात आणि गावात वाचायला काहीच नसे. शाळेने दिलेली अक्षरे टिकवायची तर शाळेनंतरही हातात पुस्तक पडायला हवे, हे महाराजांच्या ध्यानात आले.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले आणि संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खाते काढले. राजवाड्यातली स्वतःची सुमारे २०,००० पुस्तके महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली. १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग येथे सुरू झाला. हिंदुस्थानातला तो पहिलाच. बॉर्डन १९१३ मध्ये परत गेले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम वाढवले, तर गुजराती खेड्यांत वाचनालयांची हौस निर्माण करण्यासाठी मोतीभाई अमीन यांनी आयुष्य वेचले. 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे ग्रंथालयविषयक नियतकालिक येथून निघे, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. तिथली लोखंडी फडताळे आणि मधल्या मजल्यांच्या काचेच्या फरश्या पाहून लहानपणी आम्ही पाऊल टाकायला भ्यायचो. काचेतून खालपर्यंत उजेड जावा म्हणून ती योजना. स्त्रियांसाठी निराळा विभाग आणि मुलांसाठी खेळांसकट निराळी खोली असावी, हा विचारही त्या काळी येथे झाला.

पण या साऱ्या व्यवस्थेतली आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एक साधी लाकडी पेटी. तिला फिरते ग्रंथालय म्हणत. वीस-तीस पुस्तकांचा संच घालून, कुलूप लावून ती खेड्यात पाठवायची; गावातल्या जबाबदार माणसाने ती सांभाळायची, लोकांना पुस्तके द्यायची, मुदत संपली की परत पाठवायची आणि दुसरी मागवायची. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. ज्या गावाला कायमचे वाचनालय हवे असेल, तिथे खर्चाचा एक तृतीयांश वाटा गावाने उभा करायचा, एक तृतीयांश स्थानिक मंडळाने आणि उरलेला सरकारने द्यायचा. गावाचा पैसा लागला की वाचनालय गावाचे होते, हे त्यामागचे शहाणपण. अशा रीतीने शेकडो गावांत वाचनालये उभी राहिली.

आता या पेटीचा विचार करताना त्या मुलाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर सापडते. मोबाइलवर सगळे मिळते हे खरे, पण ते मागावे लागते. ज्याने पुस्तकाचे नावच ऐकलेले नाही, तो काय मागणार? सावली तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही कोणते पुस्तक मागवावे हे ठाऊक नव्हते. ग्रंथालय खात्यातल्या कुणीतरी विचार करून संच लावला, म्हणून पेटी उघडल्यावर न मागितलेले पुस्तक त्याच्या हाती पडले. पुस्तकांच्या दुकानातही हेच घडते. पुण्याला गेलो की आम्ही अप्पा बळवंत चौकात एक शब्दकोश घ्यायला शिरतो आणि शब्दकोश राहून जातो, पिशवीत एक प्रवासवर्णन, एक जुने चरित्र आणि विक्रेत्याने "हे वाचलंत का?" म्हणून पुढे केलेले तिसरेच काहीतरी येते. परतताना बडोदे येईपर्यंत गाडीत त्यांतले एक निम्मे झालेले असते. सुरतेनंतर शेजारचा प्रवासी विचारतोच, "मराठी छे?" आणि मग गप्पा सुरू होतात. हातातल्या मोबाइलवर आपण काय वाचतो आहोत ते शेजाऱ्याला दिसत नाही; पुस्तकाचे वेष्टन दिसते.

पुस्तके दुरून मागवण्याची रीत तर आपल्या शहरात जुनीच. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या सेवेत होते आणि कॉलेजात शिकवत. मुंबईच्या राधाबाई आत्माराम सगुण आणि थॅकर या विक्रेत्यांकडून त्यांची पुस्तके येत, तीही टपालाने नव्हे तर रेल्वेने, मोठाल्या खोक्यांतून. खोके रिकामे व्हायला फार दिवस लागत नसत. त्याच काळात गोविंद सखाराम सरदेसाई येथे होते. १८८९ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत आले. महाराजांना पुस्तके वाचून दाखवणे हे त्यांचे एक काम, आणि राजपुत्रांना शिकवणे हे दुसरे. शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून 'रियासत' उभी राहिली. तिचा पहिला भाग १८९८ मध्ये निघाला. म्हणजे कानाने पुस्तक ऐकणारे आमचे मित्र काही जगावेगळे करत नाहीत. खुद्द सयाजीराव पुस्तके ऐकत असत.

यंत्रांचेही तसेच. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यातच दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. तिची माणसे मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे यंत्र घेऊन खेडोपाडी जात आणि फुकट खेळ दाखवत. त्या काळचा तो मोबाइलच म्हणा. चित्र पाहायला सारा गाव जमे. सिनेमा आला म्हणून पुस्तकांच्या पेट्या कुणी बंद केल्या नाहीत. एकाच खात्याने दोन्ही पाठवले. नवे यंत्र शत्रू नव्हे, हे बडोद्याला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. आज आमच्यापैकी एकाला छपाईतून गेलेले जुने मराठी पुस्तक पडद्यावर मिळते, याचा आनंद आम्हांलाही आहे.

या इतिहासातली एक दुखरी गोष्ट मात्र गौरवाच्या भाषणांत गाळली जाते. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले. १९१७ मध्ये ते परतले, तेव्हा वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान, त्यातल्या पुस्तकांसह, युद्धात समुद्राच्या तळाशी गेले. त्याची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून त्यांनी बडोद्याला येण्याचा खर्च भागवला. बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून तिकीट काढून आलेल्या या विद्वानाला आपल्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. ग्रंथालयाचे दार उघडे होते, घरांची दारे बंद राहिली. पुस्तके गावोगाव पोहोचवली म्हणजे माणसे आपोआप बदलतात, असे मानण्याचे कारण नाही. पण पुढे त्याच माणसाने दादरला 'राजगृह' बांधले ते आपल्या ग्रंथांसाठी, हेही आपण विसरू नये.

आता आपल्या सात कपाटांकडे येऊ. ६१ या आकड्याचा दोष आम्ही आधी मोबाइलला देत होतो. नीट पाहिल्यावर दिसले ते असे: वाचनालय फक्त रविवारी सकाळी तासभर उघडते. नवी पुस्तके घेणे चार वर्षांपूर्वी थांबले. आणि मुख्य म्हणजे वाचक राहिलाच नाही जवळपास. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा येथली मराठी कुटुंबे मांजलपूर, कारेलीबाग, वाघोडिया रोड अशी पांगली. माणसे गेली, कपाटे तिथेच राहिली. आमची पुस्तके कुणी वाचत नाही अशी तक्रार करत आम्ही कुलपाची किल्ली सांभाळत बसलो. सयाजीरावांचे खाते खेड्याने शहरात यावे म्हणून थांबले नाही, त्याने पेटी पाठवली.

येथे आपल्यासारख्यांचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा वेगळा आहे. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी वाचतात. शिरोरेषेची मराठी ओळ वाचताना ती अडखळतात, आणि अडखळणारे मूल मोबाइलवर मराठी पुस्तक शोधायला स्वतःहून जात नाही. चार इयत्ता शिकून अक्षर विसरणाऱ्या त्या मुलाची जी स्थिती, तीच बडोद्यातल्या मराठीची आज आहे. १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये या शहराने मराठी साहित्य संमेलने भरवली. १९३४ नंतरचे संमेलन यायला २०१८ साल उजाडले. त्या तीन दिवसांत पुस्तकांच्या दालनांतली गर्दी ज्यांनी पाहिली, त्यांना येथे वाचक नाहीत असे म्हणवणार नाही. पुस्तक समोर आले की हात पुढे होतो.

म्हणून दिवाळीनंतरच्या सभेत आम्ही असा ठराव मांडणार आहोत. कपाटे चार नव्हे, दोन हलवा. खुर्च्यांना जागा हवी हे आम्हांला मान्य आहे. त्यांतली पुस्तके मात्र तीन लाकडी पेट्यांत भरा. प्रत्येक पेटीत पंचवीस पुस्तके, त्यांतली दहा मुलांची, मोठ्या टायपातली. एक पेटी मांजलपूरला, एक कारेलीबागेत, एक वाघोडिया रोडला. दोन महिन्यांनी अदलाबदल. पेटी ठेवणाऱ्या घराने आठवड्यातून एक संध्याकाळ दार उघडे ठेवावे, आणि त्या दाराशी कुणाचे आडनाव विचारले जाऊ नये. नव्या पुस्तकांचा खर्च तिघांत वाटावा: एक वाटा त्या वसाहतीतल्या वाचकांचा, एक मंडळाचा, एक देणगीदारांचा.

हे सारे आम्ही त्या तरुण कार्यकर्त्याला आधीच सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पेट्या न्यायला माझा टेम्पो आहे. कोणतं पुस्तक कुठल्या पेटीत आहे त्याची यादी मोबाइलवर टाकतो, म्हणजे लोकांना विचारत बसायला नको." आम्हांला याहून अधिक काही नको होते.

वाचकहो, पहिल्या पेट्या विसर्जनानंतरच्या रविवारी नमुन्यादाखल निघतील. आपल्या घरी पेटी ठेवण्याची तयारी असेल, तर उत्सवाच्या दहा दिवसांत आमच्यापैकी कुणालाही सांगावे. घरात वाचून झालेली, चांगल्या स्थितीतली मुलांची पुस्तके असतील तर आरतीला येताना सोबत आणावीत. व्यासांचे महाभारत लिहून घेणाऱ्या गजाननाला यापेक्षा आवडता नैवेद्य कोणता असणार? मोदक आहेतच.

गणपती बाप्पा मोरया!