थाळनेर : तापीकाठची जुनी राजधानी



सोनगीर म्हटलं की आपल्याला तांब्या-पितळेची भांडी आठवतात. तिथून महामार्गाने शिरपूरकडे निघालं की सावळद्याला तापीचा पूल लागतो आणि आपण क्षणात पलीकडे जातो. पूल नव्हते तेव्हा नदी कुठे उतरता येते यावर वाटा ठरत, आणि वाटांवर गावं मोठी होत. नदीच्या वरच्या अंगाला, उत्तर काठावरचं थाळनेर असंच मोठं झालं.

तापीकाठची वस्ती फार जुनी. खालच्या अंगाला प्रकाशा इथे १९५५ साली उत्खनन झालं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुने थर सापडले. थाळनेरचं भाग्य उजळलं १३७० मध्ये. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकीला ही जहागीर दिली. पुढे तो स्वतंत्र झाला आणि खानदेशचा कारभार थाळनेरहून चालू लागला. त्याचा मुलगा नासिरखान याने अशीरगड घेतला, तापीकाठीच बुऱ्हाणपूर वसवलं आणि राजधानी तिकडे नेली. पण १४३७ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला दफन केलं ते थाळनेरलाच! सुरुवातीच्या फारुकी राजांच्या कबरी आजही तिथे आहेत.

मी कॉमर्सवाली, त्यामुळे माझं लक्ष व्यापाराकडे जातं. राजधानी गेली तरी सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवरचा मुक्काम राहिला. सतराव्या शतकातल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने या वाटेच्या मुक्कामांत थाळनेरचं नाव लिहून ठेवलं आहे.

मग आलं १८१८. जानेवारीतल्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. किल्लेदार तुळशीराम मात्र किल्ला सोडेना. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपच्या फौजेने तोफा डागल्या. दरवाज्याशी बोलणी चालू असताना गोंधळ उडाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले आणि फौजेने आतल्या सुमारे तीनशे जणांना कापून काढलं. तुळशीरामला फाशी दिलं. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटने युद्धाबद्दल आभार मानले, पण थाळनेरची कृती त्यातून मुद्दाम वगळली.

नंतर सुरतेहून रेल्वे आली, ती दक्षिण काठाने, नरडाण्यावरून गेली. थाळनेर बाजूला राहिलं.

गावांचाही जमाखर्च असतो. वाट बदलली की जमा आटते. पण तीनशे जिवांचा खर्च कोणत्या खात्यात मांडायचा? शिरपूरकडे गेलात तर थोडी वाट वाकडी करा, मुलानातवंडांना तो किल्ला दाखवा आणि त्या जिवांसाठी मनात एक नवकार म्हणा.